वेगवेगळ्या काळांतले हेवीवेट बॉक्सर तोलायचे कसे: आकार, कसब आणि एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण

४ जुलै १९१९, टोलेडो, ओहायो. जॅक डेम्प्सी १८७ पौंड, समोर साडेसहा फुटी जेस विलर्ड २४५ पौंड. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली गेला आणि तिसऱ्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही. "आकारानं काही होत नाही" म्हणणारे हीच लढत पुढे करतात. दुसऱ्या बाजूचे २२ फेब्रुवारी २०२० ची लास व्हेगासची लढत काढतात. टायसन फ्युरी २७३ पौंडांचा होऊन आला, २३१ पौंडांच्या डिऑन्टे वाइल्डरच्या मानेवर रेलत राहिला आणि सातव्या फेरीत लढत थांबली.

दोन्ही लढती खऱ्याच. पण विलर्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि मार्च १९१६ नंतर त्यानं किताब पणाला लावलेला नव्हता. फ्युरीनं जे केलं ते नुसत्या वजनानं होत नाही, मिठीत (दोघे एकमेकांना धरून अडकतात तेव्हा) कुठे हात घालायचा आणि कधी रेलायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकेक लढत उचलून वाद जिंकता येतो, तुलना होत नाही. तुलनेसाठी एक ठरावीक क्रम लागतो. वही, मोबाइलवरचं स्टॉपवॉच आणि जुन्या लढतींची चित्रफीत एवढं साहित्य पुरतं. एका जोडीला नीट न्याय द्यायचा तर आठ-दहा तास धरा.

पहिलं काम: तारीख ठरवा

"मुहम्मद अली विरुद्ध माइक टायसन" हा प्रश्न अर्धाच आहे. (पुढे नुसतं टायसन म्हटलं की माइक टायसन.) १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्ससमोर उभा राहिलेला अली २१२ पौंडांचा होता आणि त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात ज्यो फ्रेझरसमोर उतरलेला अली सव्वादोनशे पौंडांच्या घरात होता आणि मार खाऊन जिंकत होता. ही दोन वेगळी माणसं समजा. जॉर्ज फोरमन १९७४ साली किन्शासात २२० पौंड होता. १९९४ मध्ये मायकेल मूररला पाडून पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विजेता झाला तेव्हा २५० पौंड. म्हणून प्रत्येकाची एकच रात्र निवडा आणि वय, वजन, तयारी सगळं त्याच रात्रीचं घ्या. सर्वांत मोठी चूक इथेच होते: आवडत्या खेळाडूचे पाय विशीतले, अनुभव तिशीतला आणि वजन सोयीचं.

दुसरा निर्णयही याच वेळी घ्यायचा. माणूस होता तसाच उचलून आणायचा, की तो आजच्या काळात वाढला असता असं मानायचं? पहिला मार्ग स्वच्छ आहे. दुसऱ्यात कल्पनाशक्ती सुटते आणि रॉकी मार्सियानोला कुणीतरी २३० पौंडांचा करून टाकतं. त्याला लगाम हवा, आणि तो खऱ्या उदाहरणातून मिळतो. इव्हँडर होलीफील्ड एप्रिल १९८८ मध्ये क्रूझरवेटला (हेवीवेटच्या खालच्या गटात) १९० पौंडांवर लढला आणि ऑक्टोबर १९९० मध्ये हेवीवेटचा किताब जिंकला तेव्हा २०८ पौंड होता. म्हणजे वेग न गमावता साधारण साडेनऊ टक्के वाढ. तेवढीच सवलत द्या. १८७ पौंडांचा मार्सियानो फार तर २०५ चा होईल.

इथेच एक दुरुस्ती करून घ्या, कारण तिच्यामुळे निम्मे वाद मिटतात. १९८० च्या आसपास क्रूझरवेट गट येईपर्यंत १७५ पौंडांच्या वरचा प्रत्येकजण हेवीवेट होता. आज क्रूझरवेटची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. डेम्प्सी, मार्सियानो, उमेदीतला ज्यो लुई हे सगळे आजच्या मोजणीनं त्या गटात बसतात. यात त्यांना कमी लेखण्यासारखं काही नाही, फक्त कोणाची तुलना कोणाशी चालली आहे ते स्पष्ट होतं.

मापांचा तक्ता

प्रत्येकासाठी उंची, हातांचा पल्ला, त्या रात्रीचं वजन, वय, पवित्रा उजवा की डावखुरा, आणि आधीच्या बारा महिन्यांतल्या लढतींची संख्या लिहा. एकच एकक ठेवा. किलोत हवं असेल तर पौंडांना २.२ नं भागा.

उंचीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ती जाहिरातीसाठी वाढवलेली असते. टायसन कागदावर ५ फूट साडेअकरा इंचांपर्यंत जातो, तर अनेक नोंदी त्याला ५ फूट १० इंच देतात. लढतीआधी रेफरी दोघांना मध्यभागी बोलावतो ती चौकट थांबवा, डोळ्यांची पातळी बघा, आणि त्याच बॉक्सरची आणखी दोघांसोबतची तशीच चौकट काढा. तिन्हींत मेळ बसला तर आकडा घ्या.

पल्ल्याबाबत गैरसमज फार. हा आकडा एका हाताच्या लांबीचा नसतो. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं ते माप असतं, त्यात छाती आणि खांदेही येतात. म्हणून पल्ल्यातला फरक आधी निम्मा करा. सनी लिस्टनचा पल्ला ८४ इंच, अलीचा ७८. फरक सहा इंच वाटतो, एका हातामागे तो तीनच इंच उरतो, आणि रुंद खांदे वजा केले तर त्याहून कमी. उंचीत अली दोन-अडीच इंचांनी वर होता. २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचवर जॅबची (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाची) लढाई अलीनं जिंकली, कारण लिस्टनचा पाय पुढे पडायच्या आत अलीचा मागे गेलेला असे. पल्ला हाडांत असतो, अंतर पायांत.

वजनाचा फरक पौंडांत न लिहिता टक्क्यांत लिहा: मोठ्याच्या वजनाला लहानाच्या वजनानं भागायचं आणि एकच्या वर जे उरेल ते टक्क्यांत घ्यायचं. डेम्प्सी–विलर्ड ३१ टक्के. ज्यो लुई–प्रिमो कार्नेरा, जून १९३५, ३३ टक्के. डेव्हिड हे–निकोलाय व्हालुएव, नोव्हेंबर २००९, तब्बल ४६ टक्के. ओलेक्सांडर उसिक–टायसन फ्युरी, डिसेंबर २०२४, २४ टक्के. चारही लढती लहान माणसानं जिंकल्या. आता उलट बाजू: फ्युरी–वाइल्डर १८ टक्के, आणि नोव्हेंबर १९९२ ची रिडिक बो–होलीफील्ड लढत १५ टक्के, दोन्ही मोठ्यानं जिंकल्या. याच बो आणि होलीफील्डची वर्षभरानं पुन्हा गाठ पडली. टक्केवारी १३, म्हणजे जवळपास तीच, पण या वेळी होलीफील्ड जिंकला. पहिल्या लढतीत तो बोच्या छातीशी जाऊन हाणामारी करत राहिला, दुसरीत मारून बाजूला सरकत राहिला. आकार तोच, पाय वेगळे. ही जोडी बघितल्याशिवाय आकारावर मत देऊ नये, एवढी ती बोलकी आहे.

वजनाच्या नोंदीतही फसगत असते. हेवीवेटला वरची मर्यादा नसल्यामुळे कित्येकजण कपड्यांनिशी काट्यावर उभे राहतात. जून १९४१ मध्ये ज्यो लुईविरुद्ध बिली कॉनचं वजन १७४ जाहीर झालं, खरं १६९ च्या आसपास होतं. शिवाय वजनात चरबी किती हे काटा सांगत नाही. जून २०१९ मध्ये २६८ पौंडांच्या अँडी रुइझनं २४७ पौंडांच्या पीळदार अँथनी जोशुआला चार वेळा पाडलं. तिथे वजनाचं काही नव्हतं, जवळून सुटणाऱ्या हातांचा वेग होता.

पूल शोधा

"क नं ख ला हरवलं, ख नं ग ला हरवलं" ही साखळी हेवीवेटमध्ये चालत नाही. १९७१ मध्ये फ्रेझरनं अलीला हरवलं. १९७३ मध्ये फोरमननं फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. १९७४ मध्ये अलीनं फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं. साखळी गोल फिरून जिथे सुरू झाली तिथेच आली.

त्याऐवजी प्रत्येक बॉक्सरच्या कारकिर्दीत समोरच्यासारखा दिसणारा आणि लढणारा माणूस शोधा. किमान तीन: एक त्याच मापाचा, एक त्याच शैलीचा, आणि शक्य असेल तर दोन्ही जुळणारा. हाच पूल. उदाहरणार्थ, टायसन उंच जॅबवाल्यापुढे कसा ठरेल हे बघायचं तर ११ फेब्रुवारी १९९० ची टोकियोची लढत घ्या. बस्टर डग्लस ६ फूट ४ इंच, पल्ला ८३. पण नुसती हार लिहू नका. डग्लसनं जॅब मारून तिथेच उभं राहणं टाळलं, उजवा जोडला आणि टायसन आत शिरला की त्याला धरून ठेवलं, तेही दहा फेऱ्या. जानेवारी १९८८ मध्ये लॅरी होम्सचा पल्लाही ८१ होता, तो चौथ्या फेरीत संपला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षं लढला नव्हता. दोन्ही पूल लिहा, दोन्हींवर शेरा लिहा. सोयीचा एकच पूल वापरला की निकाल आधीच ठरलेला असतो.

चित्रफीत कशी बघायची

जुन्या फितीत माणसं टुणटुण पळताना दिसतात, आणि "हे काय बॉक्सर" असं म्हणून लोक हसतात. दोष फितीचा आहे. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चौकटी. तीच फीत चोवीस चौकटींनी चालवली की सगळं दीडपट वेगानं पळतं. तपासायचं कसं? फेरी तीन मिनिटांची, म्हणजे १८० सेकंद. घंटा ते घंटा अखंड चित्रण असेल तर स्टॉपवॉच लावा. फेरी १२० सेकंदांत संपली तर वेग दीडपट, मग प्लेअरचा वेग ०.६५-०.७ वर आणा. फीत कापलेली असेल तर ही युक्ती फसते. तेव्हा कोपऱ्याकडे चालत जाणाऱ्या रेफरीचं चालणं नैसर्गिक दिसेपर्यंत वेग कमी करा.

मग आवाज बंद. समालोचक ज्याचं नाव जास्त घेतो तो जिंकतोय असं वाटतं. एका लढतीच्या तीन फेऱ्या निवडा: पहिली, मधली आणि शेवटच्या दोनांपैकी एक. प्रत्येक फेरी तीनदा बघा.

पहिल्या वेळी फक्त पाय. पुढचा पाय आधी सरकतो की दोन्ही एकदम उचलले जातात? मागे जाताना सरळ रेषेत जातो की बाजूला? टाचा जुळतात का? पाय जुळले त्या क्षणी बसलेला हलका ठोसासुद्धा माणसाला पाडतो.

दुसऱ्या वेळी डावा हात. किती जॅब मारले, किती लागले, आणि हात परत येताना गालापाशी येतो की छातीशी लोंबकळतो. हा परतीचा प्रवास सगळ्यांत जास्त सांगून जातो. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगनं ज्यो लुईमध्ये नेमकं हेच हेरलं: जॅब मारून झाला की डावा खाली येतो, वरून उजवा घालायला वाट मोकळी. बारा फेऱ्या तोच उजवा घालत त्यानं लुईला नॉकआउट केलं.

तिसऱ्या वेळी मिठी. कोण धरतं, कोण सुटायला धडपडतं, धरल्यावर वजन कोणाच्या मानेवर जातं, रेफरी किती सेकंदांत सोडवतो. आकाराचा खरा हिशेब इथे लागतो. पंधरा-वीस पौंडांचा भार दर फेरीत पाच-सहा वेळा मानेवर आला की सातव्या-आठव्या फेरीत मांड्या बोलू लागतात.

आकड्यांच्या मोहात मात्र पडू नका. ठोसे मोजणारी कॉम्प्युबॉक्स पद्धत १९८५ पासूनची. त्याआधीच्या लढतींचे आकडे नंतर फीत बघून काढलेले, आणि एका कोनातल्या धूसर फितीवर लागलेला ठोसा आणि हातावर अडवलेला ठोसा यांत फरक करणं अवघड. तसंच "जॅबला १० पैकी ८, हनुवटीला ९" असे गुण देऊन बेरीज करू नका. जानेवारी १९७० मध्ये मार्सियानो आणि अलीची लढत संगणकाकडून लावून चित्रपटगृहांत दाखवली गेली. दोघांनी आधी खोटं खोटं लढून चित्रण दिलं होतं आणि अमेरिकेत दाखवलेल्या निकालात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. यंत्रात जे गुण भरले त्यांचंच उत्तर बाहेर आलं. बेरजेत शैलींची टक्कर हरवते, आणि लढत तर शैलींचीच असते.

नियम कोणाचे?

हे न ठरवता निकाल लिहिणं म्हणजे खेळपट्टी न बघता फलंदाज निवडणं. डेम्प्सी पडलेल्या विलर्डच्या डोक्याशी उभा राहून तो उठता उठता मारू शकत होता. पाडल्यावर लांबच्या कोपऱ्यात जाण्याचा नियम नंतर रुळला, आणि १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीविरुद्ध तोच नियम डेम्प्सीच्या अंगाशी आला. ग्लोव्ह्ज विलर्डच्या वेळी ५ औंस, ज्यो लुईच्या काळात ६, अलीच्या काळात ८, आज १०. जाड ग्लोव्ह्ज बचावालाही भिंत देतात, म्हणून आजची उंच धरलेली गार्ड (चेहऱ्यासमोर हातांचा आडोसा) ५ औंसांच्या ग्लोव्ह्जमध्ये तेवढी चालणार नाही. फेऱ्या पूर्वी १५ होत्या, नोव्हेंबर १९८२ मध्ये लढतीतल्या मारानं बॉक्सर डुक-कू किमचा मृत्यू झाल्यावर हळूहळू १२ झाल्या. १९४१ मध्ये कॉन ज्यो लुईविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता आणि तेराव्यात नॉकआउट झाला. आजच्या नियमांत तो विश्वविजेता ठरला असता.

प्रत्येक जोडी दोनदा लढवा: एकदा जुन्याच्या नियमांनी, एकदा नव्याच्या.

प्रतिस्पर्ध्यांची प्रत

अपराजित आकड्यानं भारावू नका. मार्सियानोचे ४९ विजय खरे आणि त्यामागची मेहनत आदर वाटावा अशीच, पण १९५१ मधला ज्यो लुई ३७ वर्षांचा होता, १९५२ मधला जर्सी ज्यो वॉलकॉट ३८ चा, आणि आर्ची मूर मूळचा लाइट-हेवीवेट. प्रत्येक मोठ्या विजयाशेजारी समोरच्याचं त्या दिवशीचं वय आणि वजन लिहा. शिवाय त्या काळात रिंगबाहेर कोण ठेवलं गेलं होतं तेही. हॅरी विल्ससारख्या कृष्णवर्णीय दावेदाराला डेम्प्सीविरुद्ध संधी मिळालीच नाही. १९७२, १९७६ आणि १९८० चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा क्यूबाचा तिओफिलो स्टीव्हनसन कधी व्यावसायिक झाला नाही, आणि सोव्हिएत बॉक्सर १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या बाजारात नव्हते. क्लिच्को बंधू आणि उसिक जिथून आले ती खाणच सत्तरच्या दशकात बंद होती.

सोडवलेलं उदाहरण: ज्यो लुई विरुद्ध लेनॉक्स लुईस

आडनावं कानाला जवळजवळ सारखीच लागतात, म्हणून पुढे ज्यो आणि लेनॉक्स.

ज्योची रात्र २२ जून १९३८, श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं ती. वय २४, वजन १९८¾ पौंड, उंची ६ फूट दीड-दोन इंच, पल्ला ७६. लेनॉक्सची रात्र २९ एप्रिल २०००, त्याच्यापेक्षाही उंच मायकेल ग्रँटला दुसऱ्या फेरीत संपवलं ती. वय ३४, वजन २४७, उंची ६ फूट ५, पल्ला ८४. वजनाचा फरक २४ टक्के, उसिक–फ्युरीइतकाच. पल्ल्याचा फरक आठ इंच, एका हातामागे चार.

ज्योचे पूल: कार्नेरा (२६०½ पौंड, सहाव्या फेरीत), एब सायमन (मार्च १९४१, वीस फेऱ्यांच्या लढतीत तेराव्यात), बडी बेअर (साडेसहा फूट, जानेवारी १९४२, पहिल्याच फेरीत). मोठ्या अंगाला तो घाबरत नाही हे पक्कं. पण यातल्या कोणाकडेही लेनॉक्ससारखा शिस्तीचा लांब जॅब आणि त्याच्या मागून येणारा उजवा नाही. आणि मे १९४१ मध्ये याच बेअरनं ज्योला दोरांतून बाहेर पाडलं होतं, ही नोंद विसरू नका.

लेनॉक्सचे पूल: टायसन (जून २००२, मेम्फिस), होलीफील्डच्या १९९९ मधल्या दोन लढती, आणि त्याच्या दोनच हारी. टायसनविरुद्ध तो जॅब मारायचा, टायसन आत आला की मानेवर रेलायचा, रेफरी ओरडला की ढकलून पुन्हा जॅब. आठव्यात उजव्यानं शेवट. हारी मात्र एकाच जातीच्या: १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉल दुसऱ्या फेरीत, २००१ मध्ये हासिम रहमान पाचव्यात, दोघांचाही उजवा. मॅकॉलच्या वेळी लेनॉक्सचा उजवा निघत असतानाच मॅकॉलचा आधी पोचला. रहमानच्या वेळी हात खाली आणि पाठ दोरांपाशी.

म्हणजे दोघांची दुखरी जागा एकच: उजव्या ठोशाला उघडी वाट. ज्योचा उजवा हनुवटीपासून थेट सुटतो, मागे ओढून घेतलेला नसतो, म्हणून दिसायच्या आत पोचतो. १९३८ ची फीत अर्ध्या वेगानं बघितली तरी खांद्याची सूचना मिळत नाही. लेनॉक्सचा उजवा लांबून, वरून येतो, आणि ज्योचा परतणारा डावा जरा जरी उतरला तर तो श्मेलिंगच्याच वाटेनं आत शिरेल. फरक इतकाच की श्मेलिंग १९२ पौंडांचा होता.

अडचण ज्योच्या पायांत आहे. तो सरपटत, तोल न सोडता पुढे येतो. ठोशाला जोर त्यामुळेच, पण मागे सरणाऱ्याला गाठायला वेळ लागतो. कॉन आणि १९४७ मध्ये वॉलकॉट यांनी तेच दाखवलं. चार इंच लांब हात पार करायला त्याला प्रत्येक वेळी एक पूर्ण पाऊल जास्त टाकावं लागेल, आणि त्या पावलावर जॅब किंवा मिठी यांपैकी एक वाट बघत असेल.

१२ फेऱ्या, १० औंस आणि मिठीला सैल रेफरी असेल तर दहापैकी सहा-सात वेळा लेनॉक्स, बहुतेकदा आठव्या फेरीनंतर. ज्योचे विजय जवळपास सगळे पहिल्या पाच फेऱ्यांतले. १५ फेऱ्या, ६ औंस आणि दोन सेकंदांत मिठी सोडवणारा रेफरी दिला तर पाच-पाच: पातळ ग्लोव्ह्जमध्ये ज्योचा आखूड उजवा दुप्पट महाग पडतो आणि लेनॉक्सला रेलून श्वास घ्यायला जागा उरत नाही.

हा निकाल पेन्सिलीनं लिहा. तो हलवू शकेल अशी फीत म्हणजे सायमनविरुद्धची १९४१ ची लढत. सव्वादोनशेच्या कितीतरी वरचा माणूस अंगावर झुकतो तेव्हा ज्यो दाबाखाली मान कुठे ठेवतो आणि मिठीतून सुटताना डावा हात कुठल्या उंचीवर असतो, हे तिथे मोजा. हात हनुवटीपाशी दिसला तर पहिल्या नियमांतला आकडाही पाच-पाचकडे सरकवावा लागेल.